चौक नुसता गोल असून भागत नाही

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर सहसा न येणारा विषय मी आज घेतला आहे. चौक कसा बांधावा हा प्रश्न आपण बांधकाम खात्याच्या अभियंत्यावर सोपवतो आणि मोकळे होतो. पण २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रात. मेलेल्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश एक तर दुचाकीवर होते किंवा पायी चालत होते. ही आकडेवारी केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची आहे. इतक्या मृत्यूंशी ज्या गोष्टीचा संबंध आहे ती निव्वळ तांत्रिक राहत नाही. गोल चौक, म्हणजे ज्याला आपण सर्कल किंवा वाहतूक बेट म्हणतो, तो माणसांचे जीव वाचवतो याला जगभरातून भक्कम पुरावा आहे. मात्र तो त्याच्या गोलपणामुळे वाचवत नाही. आत शिरताना प्रत्येक गाडीला वेग सोडावाच लागतो, म्हणून वाचवतो. ज्या चौकाच्या रचनेत वेग सोडावा लागत नाही, तो कितीही सुबक गोल असला तरी धोकादायकच राहतो. हे एकच म्हणणे मी आज मांडणार आहे, आणि त्याच्या आड येणाऱ्या हरकतींना उत्तर देणार आहे.

थोडा इतिहास पाहू, कारण आपल्याकडची चूक त्याच इतिहासातून आलेली आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलभोवती गाड्यांनी एकाच दिशेने फिरावे ही व्यवस्था विल्यम फेल्प्स ईनो यांच्या सूचनेवरून १९०५ साली सुरू झाली. पुढच्या दोन वर्षांत पॅरिसमध्ये विजयकमानीभोवतीच्या चौकात नगररचनाकार युजीन एनार यांची तशीच योजना आली. पण आधी कोणी जायचे, आत फिरणाऱ्याने की बाहेरून येणाऱ्याने, हे या चौकांत नीट ठरलेले नव्हते. अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये व्यवहारात बाहेरून शिरणाऱ्यालाच मान मिळत असे. पॅरिसच्या त्या चौकात तोच नियम आजही चालतो. याचा परिणाम सरळ आहे. गर्दी वाढली की आत शिरणाऱ्या गाड्या आत फिरणाऱ्यांना अडवतात, फिरणाऱ्यांना बाहेर पडता येत नाही, आणि सगळे वर्तुळ स्वतःच्याच शेपटीला चावून बसते. १९५० च्या सुमारास अमेरिकी अभियंत्यांनी या प्रकाराचा नाद सोडला तो यामुळेच. इंग्लंडने मात्र तो सोडला नाही. तिथल्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतल्या फ्रँक ब्लॅकमोर यांनी एक साधी गोष्ट लावून धरली: आत फिरणारा आधी, बाहेरचा थांबेल. १९६६ मध्ये हा नियम देशभर लागू झाला आणि चौकाची सगळी रचनाच पालटली.

ती कशी पालटली हे समजून घेतले नाही, तर पुढचे काहीच कळणार नाही. जुन्या पद्धतीत दोन रस्त्यांवरच्या गाड्यांनी चालत्या वेगातच एकमेकींत मिसळायचे आणि पुन्हा वेगळे व्हायचे, अशी कल्पना होती. मिसळायला लांबी हवी, लांबीसाठी मोठे वर्तुळ हवे, आणि वर्तुळ मोठे झाले की त्यावरचा वेग वाढतो. वेग वाढला की मिसळणे आणखी अवघड होते, मग आणखी लांबी हवी. या चक्रातून जुनी रोटरी, म्हणजे या पद्धतीचा मोठा गोल चौक, कधी सुटली नाही. आत फिरणाऱ्याचा अग्रहक्क आल्यावर मिसळण्याची गरजच उरली नाही. प्रत्येकाने तोंडावर थांबायचे, मोकळी जागा दिसली की शिरायचे. त्यामुळे बेट लहान करता आले. ब्लॅकमोर यांच्या प्रयोगांत बेट लहान केल्यावर चौकातून गाड्या कमी नव्हे, जास्त निघाल्या. इंडियन रोड्स काँग्रेसने आपल्याकडे रोटरीची पहिली मार्गदर्शिका, आयआरसी ६५, काढली ती १९७६ साली, आणि ती मिसळण्याच्या लांबीच्या जुन्या गणितावर उभी होती. तिची सुधारित आवृत्ती आली २०१७ मध्ये. मधल्या चार दशकांत आपल्या शहरांत जे चौक झाले, ते बहुतेक त्या पहिल्या विचाराचे आहेत. अग्रहक्काचा नियम आपल्याकडे नव्हता असेही नाही. १९८९ च्या रस्ता नियमांत, मुख्य रस्ता नसेल तर चौकात शिरताना उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, असे स्पष्ट लिहिले होते. आपल्या वर्तुळात फिरणारी गाडी नेहमी उजवीकडूनच येते. नियम कागदावर होता, पण तो पाळला जाईल अशी जागा आपण बांधली नाही.

आता वळणाचे गणित. वळणावर गाडी किती वेगाने टिकते हे त्या वळणाच्या त्रिज्येवर आणि टायरच्या पकडीवर ठरते. वीस मीटर त्रिज्येचे वळण घ्यायचे तर साधारण ताशी ३० किलोमीटरच्या वर आरामात जाता येत नाही. शंभर मीटर त्रिज्येचे वळण ताशी पंचावन्न-साठने सहज निघते. म्हणून चौकात शिरणाऱ्या गाडीची वाट किती वाकवली आहे, हा या शास्त्रातला कळीचा प्रश्न आहे. अशी वाट वाकवलेल्या एका चौकाकडे स्कूटरवरून येणाऱ्या माणसाचे काय होते, ते जवळून पाहू. पन्नासच्या वेगाने सरळ येताना समोर त्याला रस्ता दिसत नाही, मातीचा हिरवा उंचवटा दिसतो. पुढे वाट नाही, हे त्याला पाटी न वाचताच कळते. मग येणाऱ्या आणि जाणाऱ्या वाहनांच्या वाटा विभागणारे एक लांबट त्रिकोणी बेट सुरू होते आणि रस्ता आवळत जातो. हात आपोआप ब्रेकवर जातो. झेब्रा पट्ट्यांपाशी पोचेपर्यंत वेग तिशीच्या खाली आलेला असतो. पट्ट्यांवर कोणी म्हातारी असेल, तर ती त्याला पूर्ण दिसते, त्याच्या बाजूचा एवढाच रस्ता तिला ओलांडायचा असतो, आणि मधल्या त्रिकोणी बेटावर थांबून दम घेता येतो. पट्टे वर्तुळाच्या काठावर नसतात, एक मोटार उभी राहील इतके, पाच-सहा मीटर, मागे असतात. म्हणजे चालकाला आधी फक्त चालणाऱ्यांकडे पाहायचे असते, ते झाले की मग फक्त उजवीकडून येणाऱ्या गाड्यांकडे. दोन कामे एकाच क्षणी अंगावर येत नाहीत. इथे त्या स्कूटरवाल्याच्या सभ्यतेची परीक्षा झालेली नाही. तो चांगला माणूस असेल किंवा घाईतला असेल, रस्त्याने त्याच्याकडून वेग काढून घेतला.

आणि वेग निम्मा झाला की धडकेची ऊर्जा निम्मी नव्हे, एक-चतुर्थांश होते. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये 'व्हिजन झिरो' हे धोरण स्वीकारले. माणूस आणि मोटार जिथे एकत्र येतात तिथे ताशी ३० ही मर्यादा त्या विचारात ठरली, ती शरीराला सोसवेल इतक्याच धडकेवरून. साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्यांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी छेदतात किंवा भिडतात. एका मार्गिकेच्या गोल चौकात अशी ठिकाणे फक्त आठ. शिवाय समोरासमोरची आणि काटकोनात कुशीवर बसणारी, म्हणजे सर्वांत जीवघेणी, धडक रचनेतूनच बाद होते. उरते ती तिरकी, कमी वेगाची घासाघीस.

पुराव्याकडे येतो. नॉर्वेचे संशोधक रुने एल्विक यांनी २००३ मध्ये अमेरिकेबाहेरचे २८ अभ्यास एकत्र तपासले. साधे चौक गोल केल्यावर जखमी होण्याचे अपघात ३० ते ५० टक्क्यांनी आणि मृत्यूचे अपघात ५० ते ७० टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांना दिसले. अमेरिकेत नव्या धर्तीचे गोल चौक १९९० साली नेवाडातल्या समरलिनमध्ये आले, आणि २००७ मध्ये तिथल्या एका राष्ट्रीय अहवालात गोल केलेल्या ५५ चौकांचा हिशेब आला. एकूण अपघात सुमारे ३५ टक्क्यांनी घटले होते, जखमी होण्याचे मात्र ७६ टक्क्यांनी. यावर जाणकार श्रोता लगेच विचारेल, आणि त्याने विचारलेच पाहिजे: सुधारणेसाठी चौक निवडतात ते अपघात वाढल्यावर. आपल्याकडेही पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा प्राणघातक अपघात झाले, अथवा दहा मृत्यू झाले, तर ते ठिकाण अपघातप्रवण, म्हणजे ब्लॅक स्पॉट, ठरते. वाईट वर्षांनंतर आकडा काही न करताही थोडा खाली येतोच. मग श्रेय चौकाला का द्यावे? शंका अगदी रास्त आहे, आणि सरकारी खात्यांच्या 'आधी इतके, नंतर इतके' अशा जाहिरातवजा आकड्यांना ती लागूही पडते. मी सांगितलेल्या अमेरिकी अहवालात मात्र तशाच इतर चौकांच्या अनुभवावरून आधीचा आकडा दुरुस्त करून घेतला आहे. नशिबाचा भाग वजा केल्यावर उरलेली ही घट आहे.

त्या दोन आकड्यांतल्या अंतरावर जरा थांबू. एकूण अपघातांत ३५ टक्के घट आणि जखमींच्या अपघातांत ७६ टक्के. याचा अर्थ गोल चौकात गाड्या एकमेकींना लागतच नाहीत असा नाही. लागतात. बंपर चेपतो, आरसा तुटतो, दोन माणसे रस्त्यात उतरून भांडतात. पण कोणी मरण्याची पाळी फार कमी वेळा येते. चौक गोल केल्यावर 'इथे रोज गाड्या घासतात' अशी तक्रार नगरसेवकाकडे जाणारच, आणि तिच्यावरून चौक तोडायची मागणीही होणार. अशा वेळी आपण काय मोजतो हे ठरवावे लागेल. माझ्या मते चौकाचा हिशेब पत्र्याच्या नुकसानीवर करणे चूक आहे. तो फक्त मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वावर व्हावा.

सर्वांत गंभीर हरकत बेल्जियममधून येते, आणि मी ती झाकून ठेवणार नाही. स्टाइन डॅनियल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये फ्लँडर्स प्रांतातल्या ९१ गोल चौकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे सायकलस्वार जखमी होण्याचे अपघात २७ टक्क्यांनी वाढलेले आढळले, आणि गंभीर व प्राणघातक अपघातांतली वाढ तर चाळीस टक्क्यांच्या वर होती. ज्या रचनेने मोटारीतल्या माणसाला वाचवले, तिनेच सायकलवरच्याला धोक्यात घातले. ज्या देशात मरणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा आहे, तिथे ही गोष्ट नजरेआड करणे अक्षम्य ठरेल. पण त्या अभ्यासमालेचा पुढचा निष्कर्षही पाहायला हवा. सगळे गोल चौक सारखे वाईट नव्हते. वर्तुळाच्या आतच बाहेरच्या काठाने सायकलची पट्टी रंगवलेले चौक सर्वांत धोक्याचे निघाले, सायकलला वेगळी वाट दिलेले त्यांच्यापेक्षा पुष्कळ बरे. कारण उघड आहे. आपल्या डाव्या बाजूच्या वाहतुकीत समजा: काठाने सरळ पुढे जाणारा सायकलस्वार आणि त्याच्या उजवीकडून, आतल्या बाजूने, डावीकडे बाहेर पडणारी मोटार. मोटारवाला समोर पाहतो, सायकल त्याच्या नजरेच्या कोपऱ्यातही नसते, आणि तो कट मारतो. नेदरलँड्समध्ये सायकलची वाट वर्तुळापासून सुमारे पाच मीटर बाहेर काढतात, म्हणजे वळून झालेल्या मोटारीला सायकल समोर, काटकोनात दिसते. इंग्लंडने हा नमुना केंब्रिजमध्ये २०२० साली उभा केला.

मोटरसायकल आणि स्कूटर म्हणजे सायकल नव्हे, हे खरे. वर्तुळातला वेग पंचवीस-तीस असेल तर स्कूटर मोटारीच्या मागोमाग मार्गिकेच्या मधूनच जाऊ शकते. अट एवढीच की वर्तुळाचा रस्ता एकाच वाहनाच्या रुंदीचा हवा. आपल्याकडे तो आठ-दहा मीटर रुंद ठेवतात आणि त्यात तीन-तीन रांगा शेजारी शेजारी घुसतात. त्यात स्कूटरवाला काठाला ढकलला जातो आणि फ्लँडर्सच्या सायकलस्वारासारखा सापडतो. रुंदी ही सोय वाटते, पण दुचाकीस्वारासाठी ती सापळा आहे. दोन मार्गिकांची खरीच गरज असेल तर डच अभियंता फोर्टाइन यांनी १९९० च्या दशकात काढलेली 'टर्बो' रचना आहे. तिच्यात आत शिरण्याआधीच मार्गिका निवडायची आणि आत ती बदलायची नाही, त्यासाठी मध्ये उंच कड. मला त्या उंच कडेबद्दल भीती वाटते. पावसात त्या कडेवर स्कूटरचे चाक गेले तर घसरणारच. आपल्याकडे ती जशीच्या तशी आणू नये. पायी चालणाऱ्या अंधांची अडचणही खरी आहे. सिग्नलच्या चौकात गाड्या थांबल्याचे कानाला कळते, इथे प्रवाह तुटत नाही. झेब्रा पट्टे फूटपाथच्या उंचीला आणणे आणि जमिनीवर खुणेच्या फरशा बसवणे याने अडचण कमी होते, संपत नाही. अंधशाळा, रुग्णालय किंवा दिव्यांगांची वर्दळ असलेल्या जागी मी पादचारी सिग्नलचाच आग्रह धरेन.

आता नेहमीचे वाक्य: 'आपल्याकडे शिस्तच नाही, हे परदेशात चालते.' मला वाटते, शिस्त नसणे हाच या रचनेचा सर्वांत मोठा आधार आहे. शिस्तीवर पूर्णपणे विसंबतो तो सिग्नल. रात्री अकरा वाजता मोकळ्या रस्त्यावर लाल दिवा तोडणारा माणूस सत्तरच्या वेगाने तोडतो, आणि आडव्या रस्त्यावरून हिरव्या दिव्यावर निर्धास्त येणाऱ्याच्या कुशीत घुसतो. त्याच तासाला, त्याच बेशिस्त माणसाला आवळलेल्या गोल चौकातून सत्तरने जाता येत नाही, कारण समोर माती आहे. तो आत फिरणाऱ्याला मान देणार नाही, हे मान्य. मग तीसच्या वेगाने घासेल. लाल दिवा मोडता येतो, दगडी कड मोडता येत नाही. राँग साइडने घुसणाऱ्यावर मात्र या रचनेकडे पुरेसा उपाय नाही. त्रिकोणी बेट पुरेसे लांब केले की प्रकार कमी होतो, बाकी पोलिसांचे काम उरतेच.

गर्दीची हरकत मी अर्धी मान्य करतो. सगळ्या रस्त्यांवरून मिळून तासाला तीन हजारांच्या वर वाहने येऊ लागली की जुनी रोटरी तुंबते, हे आपल्या मार्गदर्शिकेनेच मानलेले आहे. ल कॉर्बुझिएच्या चंदीगडमधले मोठाले गोल चौक आणि नवी दिल्लीतले तसेच चौक यांतल्या अनेकांवर आता सिग्नल बसले आहेत. मुंबई-पुण्याच्या मध्यवर्ती चौकांत गोल चौकाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. पण प्राणघातक अपघात फक्त तिथे होत नाहीत. तालुक्याच्या गावाबाहेर राज्य मार्गाला जिल्हा मार्ग मिळतो, बाह्यवळण जुन्या रस्त्याला भेटते, औद्योगिक वसाहतीचा फाटा सुटतो, अशा जागी गर्दी बेताची असते आणि वेग बेसुमार. तिथे आज चार बाजूंना गतिरोधक टाकतात, त्यांचा रंग उडतो, आणि रात्री त्यांच्यावरूनच दुचाकी उडते. गोल चौकाची जागा ही आहे. तिथे उसाचे ट्रॅक्टर येतात, दोन-दोन ट्रॉल्या जोडून, ते वळणार कसे? बेटाभोवती खडबडीत दगडाची, थोडी उंच, चढता येईल अशी पट्टी ठेवतात. ट्रॉलीचे मागचे चाक तिच्यावरून जाते, मोटारवाला मात्र हादऱ्यामुळे तिच्यावर चढत नाही. लांब वाहनांसाठी सगळा चौकच रुंद करायची गरज पडत नाही.

शेवटी बेटाच्या आत काय असावे, हा नाजूक विषय. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलसारखी वर्तुळे नगररचनेची शोभा म्हणून आली, आणि चौक म्हणजे शोभेची जागा ही समजूत आपल्या मनात तेव्हापासून घट्ट आहे. आपल्या गावोगावच्या चौकांत थोर पुरुषांचे पुतळे आहेत. त्यांच्याविषयीचा आदर कोणत्याही अभियंत्याने हिशेबाबाहेर ठेवू नये. पण चालत्या वाहतुकीच्या मधोमध पुतळा म्हणजे जयंतीला, पुण्यतिथीला, लहान मुलांसह शेकडो माणसांनी वर्तुळ ओलांडून बेटावर जायचे. ज्या जागी कोणी पायी जाऊ नये अशीच रचना करायची, तिथेच आपण श्रद्धेने गर्दी बोलावतो. पुतळ्याला चौकाच्या कडेला, बसता येईल असे अंगण द्यावे. त्यात त्याचा मान वाढतो. बेटात साधा मातीचा उंचवटा आणि झुडपे पुरेत. कारंजे, ग्रॅनाइटचे खांब, आणि त्यांच्या कठड्याला बांधलेले वाढदिवसाचे फ्लेक्स यांतले प्रत्येक काहीतरी झाकते किंवा चुकलेल्या वाहनाचे कपाळ फोडते.

तुमच्या गावात चौकाच्या सुशोभीकरणाचा ठराव येईल तेव्हा नगरपालिकेत किंवा सार्वजनिक बांधकाम विभागात जाऊन आराखडा मागा, आणि तीनच प्रश्न विचारा. आत शिरणाऱ्या गाडीची वाट किती मीटर त्रिज्येने वाकते? वर्तुळाचा रस्ता किती रुंद आहे? झेब्रा पट्टे वर्तुळापासून किती मागे आहेत? पहिल्याचे उत्तर वीसच्या आसपास, दुसऱ्याचे एका वाहनापुरते आणि तिसऱ्याचे पाच-सहा मीटर नसेल, तर तो ठराव मंजूर होऊ देऊ नका.